इंजिनाचे ‘हेड’ उतरवताना...

एप्रिल-मे महिन्यांत कसारा किंवा खंबाटकी घाटाच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या महाराष्ट्रातील प्रवाशांना नव्या नाहीत. रेडिएटरमधून वाफ निघत असते, गाडीतील मंडळी झाडाच्या सावलीत थांबलेली असतात आणि तासाभराने पाणी भरून गाडी पुन्हा रस्त्याला लागते. अनेकदा गोष्ट तेवढ्यावरच मिटते. काही वेळा मात्र आठ-पंधरा दिवसांनी पाणी वारंवार कमी होऊ लागते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि गॅरेजमधील मिस्त्री निदान सांगतो, ‘हेड उतरवावे लागेल.’ वाहनधारकाच्या पोटात गोळा आणणारे हे वाक्य. या कामाचा खर्च मोठा असतो, गाडी चार-आठ दिवस गॅरेजमध्ये अडकते आणि आत नेमके काय केले जाते, याची त्याला कल्पना नसते. वास्तविक, सिलिंडर हेड उतरवून पुन्हा बसवणे हे गूढ काम नाही. मात्र ते अत्यंत शिस्तीचे काम आहे. ती शिस्त पाळली तर इंजिनाला नवे आयुष्य मिळते. न पाळल्यास तोच खर्च काही महिन्यांत पुन्हा करावा लागतो.

हेड म्हणजे काय?

इंजिनाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. खालचा भाग म्हणजे ब्लॉक. त्यातील सिलिंडरमध्ये पिस्टन खालीवर होत असतात. या सिलिंडरांवर बसवलेले जाड धातूचे झाकण म्हणजे सिलिंडर हेड. त्याला झाकण म्हटले, तरी ते निव्वळ झाकण नव्हे. हवा व इंधन आत घेणारे आणि जळलेला वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह, स्पार्क प्लग, व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट, वंगणाच्या वाहिन्या आणि थंडाव्यासाठी पाणी खेळवणाऱ्या पोकळ्या हे सारे त्यात सामावलेले असते.

मोटारयुगाच्या प्रारंभी अनेक इंजिनांत ब्लॉक आणि हेड एकत्रच ओतलेले असत. फोर्डच्या १९०८मधील ‘मॉडेल टी’ने सुटे होणारे हेड मोठ्या प्रमाणावर रूढ केले. त्यामुळे ओतकाम सोपे झाले आणि दुरुस्तीही. परंतु दोन भाग वेगळे झाले की त्यांच्यामध्ये सांधा आलाच. इंजिनातील हा सर्वांत अवघड सांधा हेड गॅस्केट सांभाळते. गॅरेजच्या भाषेत त्यालाच ‘हेड पॅकिंग’ म्हणतात.

या पातळ पॅकिंगवर केवढा भार असतो, हे ‘मारुती ८००’च्या उदाहरणावरून समजू शकते. १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या या गाडीचे इंजिन तीन सिलिंडरांचे आणि ७९६ सीसी क्षमतेचे. एका सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर. पेट्रोल इंजिनात ज्वलनाच्या क्षणी वायूचा दाब ५० बारच्या आसपास जाऊ शकतो. तो गृहीत धरला, तर एका सिलिंडरमागे हेडला वर ढकलणारा जोर सुमारे १,९०० किलो वजनाइतका होतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर हा धक्का प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा बसतो. पॅकिंगने हा वायू अडवायचा, शेजारच्याच छिद्रांतून वाहणारे पाणी आणि तेल एकमेकांत मिसळू द्यायचे नाही आणि हे काम वर्षानुवर्षे करायचे.

बिघाड का होतो?

यातील खरी मेख धातूंच्या स्वभावात आहे. बहुतेक मोटारींचे हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते, तर अनेक इंजिनांचा ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुपटीने प्रसरण पावते. तीस सेंटिमीटर लांबीचे हेड आणि तेवढाच ब्लॉक ८० अंशांनी तापले, तर हेड साधारण अर्धा मिलिमीटर वाढते, ब्लॉक मात्र पाव मिलिमीटरच. म्हणजे प्रत्येक वेळी इंजिन तापताना आणि निवताना दोन्ही पृष्ठभाग पॅकिंगवर किंचित सरकत असतात. नेहमीच्या तापमानात पॅकिंग हे सहन करते. इंजिन प्रमाणाबाहेर तापले, की बोल्टांनी जखडलेल्या हेडला वाढायला जागा उरत नाही, ते वाकते. निवल्यावरही तो बाक पूर्णपणे जात नाही. मग दाब कमी पडलेल्या जागेतून वायू वाट काढतो आणि पॅकिंग जळते.

तापण्याची कारणे बहुधा साधी असतात. गाळाने तुंबलेला रेडिएटर, बंद पडलेला पंखा, अडकलेला थर्मोस्टॅट, गळका पाण्याचा पंप किंवा सैल झालेले रेडिएटरचे झाकण. हे झाकण यंत्रणेत दाब राखते. ०.९ बार दाबाखाली साधे पाणीही सुमारे ११९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण निकामी झाले, की ते शंभरीलाच उकळू लागते. आपल्याकडे कूलंटऐवजी नळाचे किंवा बोअरचे पाणी भरण्याची सवय आहे. त्यातील क्षार आत साचतात आणि ॲल्युमिनियमच्या पाणवाटा कुरतडल्या जातात.

आधी निदान, मग पाना

पांढरा धूर दिसला म्हणून लगेच हेड उतरवणे शहाणपणाचे नाही. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून येणारी वाफ स्वाभाविक असते. तेल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तरी केवळ जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती दमटपणामुळेही जमते. संशय बळावतो तो अनेक खुणा एकत्र आल्यावर. कुठेही गळती नसताना कूलंट कमी होणे, इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे, गरम इंजिनातून सातत्याने गोडसर वासाचा पांढरा धूर येणे, डिपस्टिकवरील तेल चहासारखे दिसणे, या त्या खुणा.

खात्रीसाठी तीन चाचण्या आहेत. प्रत्येक सिलिंडरमधील दाब गेजने मोजणे ही पहिली. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब कमी भरला, तर दोहोंमधील पॅकिंग फुटल्याची शक्यता मोठी. यंत्रणेत हातपंपाने दाब देऊन तो टिकतो का, हे पाहणे ही दुसरी. रेडिएटरवरील हवा एका निळ्या रसायनातून ओढून घेणे ही तिसरी. ज्वलनातील कार्बन डायऑक्साइड त्या हवेत असेल, तर निळा रंग पिवळसर होतो. या चाचण्यांना फार तर तास-दीड तास लागतो आणि त्यामुळे अनावश्यक मोठा खर्च टळू शकतो. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी अंगावर येते.

उतरवण्याची शिस्त

हेड उतरवण्याचा पहिला नियम म्हणजे थांबणे. इंजिन पूर्ण थंड, शक्यतो रात्रभर निवलेले असावे. गरम ॲल्युमिनियमवरील बोल्टांचा ताण एकदम काढला, तर धड असलेले हेडही वाकू शकते. त्यानंतर बॅटरीची ऋण तार सोडवली जाते आणि कूलंट व तेल काढले जाते. इंधन-इंजेक्शन असलेल्या गाड्यांत नळीतील पेट्रोलचा दाब आधी उतरवावा लागतो. अन्यथा पेट्रोलचा फवारा उडून आगीचा धोका संभवतो. काढलेला कूलंट गटारात ओतू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात. लहान मुलांनाही त्यापासून दूर ठेवणे आवश्यक आहे.

मग एअर फिल्टर, वायर, नळ्या, आत हवा नेणारे आणि धूर बाहेर नेणारे मॅनिफोल्ड हे भाग एकेक करून सुटतात. चांगला कारागीर प्रत्येक वायरीला व नळीला खुणेची चिठ्ठी बांधतो आणि कोणता बोल्ट कुठला, हे पुठ्ठ्यावर टोचून ठेवतो. सायलेन्सरकडील गंजलेले बोल्ट जोर लावून तोडण्यापेक्षा त्यांवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारे तेल टाकून ठेवणे श्रेयस्कर.

यानंतरचा टप्पा नाजूक. वरचा कॅमशाफ्ट आणि खालचा क्रँकशाफ्ट यांची सांगड टायमिंग बेल्टने किंवा साखळीने घातलेली असते. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी, हे गणित बिघडून चालत नाही. म्हणून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन सर्वांत वरच्या बिंदूवर आणून, चाकांवरील खुणा जुळल्याची खात्री करून मगच बेल्ट काढायचा. त्यानंतर यांपैकी कोणताही शाफ्ट उगाच फिरवायचा नाही. अनेक इंजिनांत चुकीच्या क्षणी उघडलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतो.

हेडचे बोल्ट सोडवण्याचा क्रम ठरलेला असतो. बाहेरच्या टोकांपासून सुरुवात करून आळीपाळीने मध्याकडे यायचे आणि एकेक बोल्ट पूर्ण न काढता सर्व बोल्ट दोन-तीन टप्प्यांत सैल करायचे. पूर्ण सुटल्यावरही हेड चिकटून राहते. अशा वेळी फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून ते उचकटणे हा अक्षम्य उतावीळपणा ठरतो. मऊ ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडाही पुढे गळतीची वाट होतो. रबरी किंवा लाकडी हातोडीने हलके ठोके देऊन हेड सुटे करावे, सरळ वर उचलावे आणि लाकडी ठोकळ्यांवर ठेवावे. उघडे व्हॉल्व्ह खाली डोकावत असल्याने ते थेट टेबलावर ठेवणे धोक्याचे.

जुने पॅकिंग काय सांगते?

उतरवलेले पॅकिंग लगेच कचऱ्यात जाऊ नये. दोन सिलिंडरांमधील काळा पट्टा वायूची वाट दाखवतो. पाण्याच्या छिद्राजवळचा गंज गळतीची जागा सांगतो. इतर पिस्टनांवर काजळी असताना एकच पिस्टन धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात होते, हे उघड होते. वाहनधारकाने हे पॅकिंग पाहण्यासाठी मागून घ्यावे. प्रामाणिक कारागीर ते आनंदाने दाखवतो.

पृष्ठभागांची साफसफाई वेळखाऊ असते आणि घाई होते ती इथेच. ग्राइंडरवर घासणीची चकती लावून पाच मिनिटांत हेड चकाचक करण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. तिचे दोन तोटे आहेत. मऊ धातूवर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात आणि चकतीचे कठीण कण तेलाच्या वाटांत शिरून क्रँकशाफ्टचे बेअरिंग खाऊन टाकतात. प्लॅस्टिकची पट्टी, योग्य द्रावण आणि धीर हीच यावरची साधने. साफसफाई करताना सिलिंडर आणि तेलाची छिद्रे कापडाने झाकलेली असावीत.

केसाहून बारीक हिशेब

स्वच्छ झालेले हेड सरळ आहे की वाकले आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी अचूक सरळ पोलादी पट्टी हेडवर लांबीच्या कडांवर, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवतात आणि खालच्या फटीत फिलर गेजची पाती सरकवून पाहतात. अनेक इंजिनांत ही मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण जाडीहूनही कमी. हीच तपासणी ब्लॉकच्या पृष्ठभागाचीही व्हायला हवी. ती बहुधा विसरली जाते.

वाकलेले हेड यंत्रावर घासून सपाट करतात. यालाच ‘फेसिंग’ म्हणतात. हा उपाय उपयुक्त असला, तरी अमर्याद नाही. जितका धातू निघतो, तितकी ज्वलनकक्षाची जागा घटते, दाबाचे प्रमाण वाढते, इंजिन ‘नॉक’ करू शकते आणि व्हॉल्व्ह व पिस्टन यांच्यातील अंतर कमी होते. प्रत्येक उत्पादक हेडची किमान उंची ठरवून देतो. तिच्याखाली गेलेले हेड बदलणेच इष्ट. शिवाय कॅमशाफ्ट हेडमध्येच असेल, तर हेडसोबत त्याचे आधारही वाकलेले असू शकतात. केवळ तळ सपाट केल्याने तो दोष जात नाही. जास्त तापलेल्या हेडला बारीक तडा गेला आहे का, हे पाणवाटांची तोंडे बंद करून आत हवेचा दाब देऊन आणि हेड पाण्यात बुडवून तपासता येते. सायकलचे पंक्चर शोधण्याचीच ही पद्धत.

हेड बाहेर आलेच आहे, तर व्हॉल्व्हचे कामही उरकून घेतले जाते. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांची घासाई करून सांधा घट्ट करायचा, तेल अडवणारी रबरी सील नवी बसवायची. यानंतर हेड उलटे ठेवून कक्षात थोडे रॉकेल ओततात. ते व्हॉल्व्हमधून झिरपले नाही, तर काम जमले. प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्या मूळ जागीच परत बसला पाहिजे, कारण वर्षांच्या वापराने तो त्या जागेशी एकरूप झालेला असतो.

बसवताना

नवे पॅकिंग बसवताना त्यावरील वरची बाजू दाखवणारी खूण पाहणे महत्त्वाचे. पॅकिंगमधील काही छिद्रे ब्लॉकच्या छिद्रांपेक्षा मुद्दाम लहान ठेवलेली असतात. त्यांतूनच कोणत्या सिलिंडरकडे किती पाणी जावे, हे ठरते. ‘छिद्र जुळत नाही’ म्हणून ती कापून मोठी करणे हा अनर्थ आहे. आजची अनेक पॅकिंगे पोलादाच्या अनेक पातळ थरांची असतात. ती कोरडीच बसवायची असतात. उत्पादकाने सांगितल्याशिवाय त्यांना चिकटवणारा लेप लावल्याने फायदा होत नाही. उलट तो सुटून पाणवाटा तुंबवू शकतो.

बोल्टांच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज आहेत. बोल्ट ‘घट्ट’ असणे पुरेसे नसते. प्रत्येक बोल्ट सारख्या ताणाने घट्ट असावा लागतो. म्हणूनच जोर मोजणारा टॉर्क पाना अपरिहार्य ठरतो. तरीही लावलेल्या जोरापैकी साधारण दहा टक्केच बोल्टला ताणण्यात खर्च होतो. उरलेला बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांतील घर्षणात जातो. आटे गंजलेले असतील, तर पाना पूर्ण आकडा दाखवतो, पण बोल्ट सैलच राहतो. यासाठी आटे स्वच्छ करून, उत्पादकाच्या सूचनेनुसार त्यांना तेलाचा पातळ हात द्यावा लागतो. ब्लॉकमधील छिद्रांत मात्र तेल किंवा पाणी साचता कामा नये. द्रव दाबला जात नाही. त्यामुळे बोल्ट आवळताना ब्लॉकच तडकू शकतो.

आवळण्याचा क्रम सोडवण्याच्या नेमका उलट असतो. मध्यापासून सुरुवात करून गोलाकार बाहेर जायचे आणि दोन-तीन टप्प्यांत अंतिम आकडा गाठायचा. त्यामुळे पॅकिंग मध्यापासून कडांकडे सपाट होत जाते. अनेक नव्या इंजिनांत ठरावीक जोरानंतर बोल्ट आणखी ९० अंश किंवा सांगितलेल्या कोनात फिरवतात. घर्षण कितीही असले, तरी कोनावरून बोल्टचा ताण अचूक ठरतो. असे बोल्ट कायमचे ताणले जातात. बहुतेक उत्पादक ते पुन्हा वापरू देत नाहीत. नव्या बोल्टांचे पैसे वाचवणे म्हणजे साऱ्या कामावर पाणी सोडणे.

पुढे खुणा जुळवून बेल्ट चढवतात, शक्यतो नवा. मग चावीला हात न लावता पान्याने क्रँकशाफ्ट दोन पूर्ण फेरे फिरवतात. कुठे अडले, तर थांबून शोध घ्यायचा. जोर लावायचा नाही. खुणा पुन्हा जुळल्या, की व्हॉल्व्हच्या फटी तपासून नवे तेल, नवा फिल्टर आणि योग्य प्रमाणातील कूलंट भरायचा. पाणवाटांत अडकलेली हवा काढून टाकणे अगत्याचे असते. हवेचा बुडबुडा राहिला, की तेवढी जागा थंडाव्याविना तापते. इंजिन सुरू करून रेडिएटरचा पंखा आपोआप लागेपर्यंत आणि थांबेपर्यंत लक्ष ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनात पातळी पुन्हा पाहावी. जुन्या पद्धतीच्या काही इंजिनांत थोडे अंतर धावल्यावर बोल्ट पुन्हा आवळण्याची सूचना असते. नव्यांत बहुधा नसते. याबाबत त्या गाडीची पुस्तिका प्रमाण मानावी.

मूळ कारण राहिले तर?

पॅकिंग जळणे हा परिणाम असतो, कारण नव्हे. रेडिएटर तुंबलेलाच ठेवून नवे पॅकिंग घातले, तर तेही त्याच वाटेने जाणार. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याचा ‘उपाय’ अनेक गॅरेजांत केला जातो. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, इंधन जास्त लागते, झीज वाढते आणि मूळ दोष झाकला जातो.

म्हणूनच काम सोपवण्यापूर्वी वाहनधारकाने काही मोजके प्रश्न विचारावेत. दाबाची चाचणी केली का? हेड किती वाकले होते आणि फेसिंगमध्ये किती धातू काढला? तड्यांची तपासणी झाली का? बोल्ट नवे आहेत का? ते टॉर्क पान्यानेच आवळणार का? आणि मुख्य म्हणजे, गाडी तापली कशामुळे? या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली, तर गाडी योग्य हाती आहे, असे समजावे. जुनी गाडी विकत घेतानाही हे ज्ञान कामी येते. हेडच्या सांध्याभोवती ताजा लेप, रेडिएटरमध्ये रंगहीन पाणी आणि विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेले इंजिन दिसले, की सावध व्हावे.

या साऱ्यापासून वाचण्याचा मार्ग मात्र सर्वांत स्वस्त आहे. दर आठवड्याला थंड इंजिनात कूलंटची पातळी पाहणे, तो ठरलेल्या मुदतीत बदलणे आणि चढावर तापमानाचा काटा वर सरकताना दिसला, की ‘पुढच्या वळणापर्यंत जाऊ’ असे न म्हणता गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणे. काटा लाल पट्ट्यात गेल्यावर रेटलेले दोन किलोमीटरही हेड वाकवायला पुरेसे असतात.